आखूड ओंडके

"कागदावर मला झोपता येत नाही," सायमी म्हणाली आणि रायमोने सगळा हिवाळा खपून काढलेला नकाशा तिने कॉफीच्या किटलीखाली सारला. "घर दाखवायचं असेल तर जमिनीवर दाखवा."

म्हणून ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं पाकारिनेन कुटुंब तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर जमलं होतं. एप्रिलातल्या बर्फावर रात्रीच्या थंडीने कडक थर धरला होता, माणूस वर चालला तरी पाय रुतत नव्हता. हे सुख दुपारपर्यंतचं. रायमो आणि त्याचा थोरला भाऊ वेइयो उजाडल्यापासून स्प्रूसच्या डहाळ्या तोडून बर्फावर मांडत होते. जिथे भिंत तिथे डहाळ्यांची रांग, जिथे दार तिथे मोकळी जागा. पांढऱ्यावर हिरवं असं ते घर इतकं ऐटबाज दिसत होतं की रायमोला आपलाच अभिमान वाटला. हेलसिंकीत तो इतरांची ऑफिसं आखून देत असे. स्वतःच्या माणसांसाठी, स्वतःच्या हातांनी बांधायचं घर तो पहिल्यांदाच आखत होता.

"या, या, आत या," तो म्हणाला आणि भिंत ओलांडून थेट हॉलमध्ये गेला. वेइयोही ओलांडून गेला. रायमोची बायको मेर्वी थर्मास सांभाळत ओलांडून गेली. सायमी मात्र जाड लोकरी नमद्याचे बूट घासत सबंध घराला वळसा घालून दारापाशी गेली आणि दारातून आत आली. तिच्यामागून तिची मुलगी इर्या, तीही दारातूनच. आईबरोबर राहून राहून तिच्या पायांनाही तेच वळण लागलं होतं.

"हा हॉल," रायमो म्हणाला. "आणि ही शेकोटी. काचेच्या दाराची. बसल्या जागेवरून ज्वाळा दिसतात."

"आणि भट्टी?"

"तीच की, आई. शेकोटी."

"ज्वाळा बघायच्या म्हणतोस. भाकरी कशात भाजायची?"

"भाकरी दुकानात मिळते."

"मग ज्वाळाही दुकानातूनच आणायच्या होत्या," सायमी म्हणाली. ती तळ्याच्या बाजूला वळली. तिथे डहाळ्याच नव्हत्या. "इथल्या संपल्या वाटतं?"

"नाही, ती काच आहे. जमिनीपासून छतापर्यंत. घरात बसून सबंध तळं दिसेल."

"म्हणजे भिंत नाही."

"काचेची भिंत."

"जानेवारीत तळ्याकडे कोण बघतं रे? तळंच आपल्याकडे बघतं. इतकी लाकडं तुझ्या बापाने तोडली, सोलली, रचली, आणि तू त्यांचं बिनभिंतीचं घर करतोयस!"

मेर्वी हसली, कारण तिला वाटलं सासूबाई गंमत करतायत. लग्नाला अठरा वर्षं होऊन तिला हे कळत नव्हतं, याचं मला तरी नवल वाटतं.

रायमोने पुढे दाखवत नेलं. हे स्वयंपाकघर, उजेडाचं. ही वेइयोची कामाची खोली, रंधा आणि करवत आतच, आता थंडीत गोठ्यात जायला नको. ही आमची झोपायची खोली. ही पाहुण्यांची. हा सॉना, घरातच, विजेच्या शेगडीवरचा. सायमी प्रत्येक खोलीत दारातून गेली आणि दारातून बाहेर आली. विजेच्या सॉनापाशी ती काहीच बोलली नाही. तिची तिन्ही मुलं लाकडावर तापवलेल्या सॉनात, वाफेच्या न्हाणीघरात जन्मली होती आणि गेल्या पानगळीत तिने नवऱ्याला शेवटची आंघोळ सॉनातच घातली होती. त्यामुळे तिचं ते न बोलणं वेइयोला फार लागलं.

सगळं बघून झाल्यावर ती हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"धाकटी खोली कुठे आहे?"

रायमोने वेइयोकडे बघितलं. वेइयोने आपल्या हातमोज्याकडे बघितलं. इर्या तळ्याकडे बघत होती, पण तळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, तेच तर सांगायचं होतं!" मेर्वी म्हणाली. "चर्चच्या गावात तुमच्यासाठी इतका छान फ्लॅट बघितलाय. नळाला गरम पाणी, समोरच दवाखाना, लिफ्टसुद्धा आहे! तुम्हाला आता कशाला लाकडं फोडायची, चुली पेटवायच्या? आणि उन्हाळ्यात यायचंच की इकडे. पाहुण्यांची खोली आहेच ना."

मेर्वीने थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

*

सायमीला राग येई तेव्हा तिचे कान गरम होत. आता लोकरी टोपीखाली ते चुलीसारखे तापले होते.

पाहुण्यांची खोली! तिच्याच झाडांच्या घरात ती पाहुणी! चाळीस वर्षं ती त्या फळ्यांच्या खोक्यात राहिली होती. युद्धात रशियाने घेतलेलं सीमेपलीकडचं सगळं गेल्यावर विस्थापितांना जमिनीचा तुकडा मिळाला, आणि लाकूड पुरेना म्हणून फळ्यांची दुहेरी भिंत आणि मध्ये भुसा असली घरं उभी राहिली. भुसा खाली बसला, वरून वारा येऊ लागला. दर हिवाळ्यात ती नवऱ्याला म्हणे, उर्हो, मला एकदा ओंडक्यांच्या घरात मरायचंय. तो म्हणे, आधी झाडं मोठी होऊ देत. झाडं मोठी झाली. शेवटचे दोन हिवाळे त्याने ती तोडली, आणि तोडून झाल्यावर स्वतः गेला.

"फ्लॅट कोणी बघितला?" तिने विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं," रायमो म्हणाला.

"सगळ्यांनी म्हणजे कोणी? माझं नाव त्या सगळ्यांत होतं का?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्याचं माझ्याशी बोलायची लाज वाटली का? गाय विकतानासुद्धा तुझा बाप तिच्या कानात सांगायचा, बाई गं, तुला अमक्याकडे पाठवतोय. मला तेवढंही नाही? मेर्वीच्या तोंडून ऐकायचं, थर्मास घेऊन उभ्या उभ्या?"

मेर्वीचे डोळे भरून आले. ते अश्रू खरेच होते. वाईट बाई नव्हती ती.

"आणि तू!" सायमी वेइयोकडे वळली. वेइयो पन्नाशीचा, दुधाची गाडी चालवणारा, हाताला वाघ, तोंडाला गोगलगाय. "तू तर बापाबरोबर प्रत्येक झाड ओढून आणलंस. तुला कशात गप्प केलं यांनी?"

"कशात नाही."

"कामाच्या खोलीत. बरोबर ना? रंधा आत आला आणि आई बाहेर गेली."

वेइयोचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

*

खरं म्हणजे वेइयोला ती काचेची भिंत पहिल्या दिवसापासून सलत होती. पण रायमो फोनवर इतकं भराभर बोले की हा आपला 'हं' म्हणून मोकळा होई. आणि हो, कामाची खोली त्याला हवी होती. गोठ्यात रंधा मारताना बोटं बधिर होतात, हे सांगायला त्याला लाज वाटत असे. आता आईने ती खोली त्याच्या तोंडावर फेकल्यावर त्याला एकदम संताप आला. आईचा नव्हे, रायमोचा.

"ही काच बसायची नाही," तो म्हणाला.

"काय?" रायमोने विचारलं.

"ओंडक्यांची भिंत बसते. पहिल्या दोन-तीन वर्षांत वीतभर तरी खाली येते. काच येत नाही. तुझी काच फुटेल नाहीतर छत तिच्यावर टेकून राहील."

"त्याला उपाय असतो, वरती फट सोडायची. मला शिकवू नकोस. आणि इतके दिवस का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस का? फोन काय दाढी करता करता करतोस!"

"अरे वा! मी रात्र रात्र जागून नकाशे काढतो आणि..."

"नकाशे काढ. ओंडके मला रचायचेत. तू जुलैत दोन आठवडे येणार, कुऱ्हाडीला हात लावून फोटो काढणार आणि जाणार!"

आजवर कधी वेइयो इतकं बोलला नव्हता. रायमोला ते असं झोंबलं की तो तरातरा चालत तळ्याच्या बाजूला गेला. तिथे उन्हाने थर आधीच नरम पडला होता. स्वतःच्याच हॉलमध्ये तो गुडघ्यापर्यंत खचला. कोणी हसलं नाही, हा त्या दिवशीचा त्याच्यावरचा शेवटचा उपकार.

"सगळा घोळ ओंडक्यांचाच आहे!" पाय उपसत तो ओरडला. "मी बोलणार नव्हतो, पण आता बोलतोच. बाबांनी लांबीच चुकीची कापली! हॉलला एक ओंडका पुरत नाही, प्रत्येक भिंतीत जोड द्यावा लागतोय. काच काय मी हौसेने घेतली? लाकूड पुरत नाही म्हणून घेतली! आणि तो तिसरा ढीग, आखूड ओंडक्यांचा, तो तर कशाच्याच कामाचा नाही. वेगळ्या सॉनासाठी असेल म्हटलं, पण सॉना घरात घेतला तेव्हा तो जळणात धरलाय मी."

सगळ्यांनी नकळत त्या बाजूला बघितलं. कडेला पत्र्याखाली तीन ढीग होते, सोललेले, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळेल असे रचलेले. एक लांब ओंडक्यांचा, एक मध्यम, आणि तिसरा आखूड. इर्याच्या दोन चादरी अजून त्या तिसऱ्या ढिगाच्या टोकावर वाळत होत्या. उंचीला सोयीचा म्हणून ती तिथेच कपडे घालत असे.

"जळणात," सायमी म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. तिची मुलं या आवाजाला लहानपणापासून घाबरत.

"वेइयो, तुझा बाप कशाने मोजून कापायचा?"

"दोरीने. गाठी मारलेल्या जुन्या दोरीने. मी एकदा टेप दिली तर म्हणाला, टेप खोटं बोलते."

"ती गायीच्या दाव्याची दोरी. सीमेपलीकडचं, लाडोगा सरोवराकाठचं घर सोडायचा हुकूम आला तेव्हा लोक पातेली बांधत होते, घड्याळं बांधत होते. शेजारीण तर खिडकीचे पडदेही घेऊन निघाली. आणि हा माणूस काय करत होता? गायीचं दावं सोडून भिंती मोजत होता! मोठ्या खोलीला एक गाठ, आडव्या भिंतीला एक गाठ, धाकट्या खोलीला एक. गाय अंगणात मोकळी हिंडतेय, तीन पोरं रडतायत, रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय, आणि हा ओणवा होऊन गाठी मारतोय. मी त्याला त्या दिवशी इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या नंतरच्या सगळ्या आयुष्यात दिल्या नसतील."

टोपी सरकवून तिने कान मोकळे केले.

"तुझा नकाशा यायच्या आधीच घर कापून तयार आहे, रायमो. लांब ढीग मोठ्या खोलीचा. मधला आडव्या भिंतींचा. आणि ज्याला तू जळण म्हणतोस ती धाकटी खोली आहे."

वेइयोने टोपी काढली. दोन हिवाळे त्याने ते ओंडके घोड्याने ओढले होते आणि कधी विचारलं नव्हतं. रायमो एक पाय बर्फात आणि एक बाहेर असा उभा होता. त्याच्या मनात आलं, ओंडके हॉलला पुरत नव्हते असं नाही, हॉलच त्यांचा नव्हता. पण ते कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. "मग आम्हाला सांगायचं होतं ना कोणी," तो पुटपुटला.

"तुम्ही विचारायचं होतं!" सायमी कडाडली. "आणि फ्लॅट बघताना कशी तोंडं फुटली? रायमो, हे तुझंच डोकं. तुला तुझ्या साहेबांना आणून ज्वाळा दाखवायच्यात, मध्ये म्हातारी नको..."

"फ्लॅट मी बघितला," इर्या म्हणाली.

*

इतकं हळू म्हणाली की मेर्वीने "काय?" विचारलं.

"मी बघितला. मी मेर्वीला फोन केला, मीच म्हटलं नकाशात आईची खोली धरू नका. रायमोने दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. मी नक्की म्हटलं."

इर्या सत्तेचाळीस वर्षांची होती. भाऊ घर सोडून गेले तेव्हा ती राहिली, कारण कोणीतरी राहायला हवं होतं आणि ती तिथे उभी होती. गाईंचं दूध, मग बापाचं आजारपण, मग आईचे गुडघे. रात्री आई भिंतीपलीकडून हाक मारी, "इर्या, झोपलीस का?" आणि झोपलेली असली तरी ती "नाही" म्हणे. आईवर तिचा राग नव्हता असं नाही. होता. तो पीठ मळताना हातांत यायचा आणि मग भाकरी छान फुगायची.

"तू," सायमी म्हणाली. मघापासूनचे सगळे शब्द तिच्यापाशी होते, रायमोसाठी जमवलेले. ते इर्यासाठी चालेनात. "तुला मी जड झाले?"

"हो," इर्या म्हणाली. "झालीस. वर्षातून एकदा ईस्टरला तुझे कानोले खायला येणाऱ्यांना नाही होत जड. मला होतेस. मला एकदा तरी सकाळी उठून घरात कोणी नाही असं हवंय. घर रिकामं, आणि मी कॉफी पितेय. एवढंच."

"पण ती खोली माझ्यासाठी नव्हतीच!" सायमी जवळजवळ किंचाळली. "मी कशाला खोलीत झोपू? माझी आई भट्टीच्या कुशीत, उबदार ओट्यावर झोपली, मी तिथेच झोपणार. म्हणून तर भट्टी विचारते मघापासून! धाकटी खोली तुझी आहे, वेडे. उर्होने तुझ्यासाठी कापली. तो म्हणायचा, इर्याला एक दार हवं, बंद होणारं."

वेइयोला वाटलं, आता झालं, आता या दोघी रडतील आणि आपण कॉफी पिऊ. मेर्वीलाही तसंच वाटलं. तिने कपसुद्धा काढले. कादंबऱ्यांत असंच होतं. पण इर्या रडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "बाबांनी कापली, वेइयोने ओढून आणली, तू गाठी लक्षात ठेवल्यास. आणि मी? मी दोन उन्हाळे त्या ढिगावर चादरी वाळत घातल्या! एकाने तरी म्हणावं ना, इर्या, बघ, ही तुझी खोली, आवडली का? हवी का तुला? एकदा तरी! का म्हणून नाही? कारण इर्या राहणारच आहे. इर्याला विचारायचं काय? गायीच्या कानात सांगत होते ना बाबा? माझ्या कानात का नाही सांगितलं?"

तिचा आवाज तळ्यावरून फिरून परत आला.

सायमीचा राग गेला नव्हता, पण तो आता कोणावर धरावा ते तिला कळत नव्हतं. ज्याच्यावर धरायचा तो चर्चमागे मातीत होता, आणि उरलेला तिच्याच वाट्याचा होता. मघाशी रायमोला ती जे म्हणाली, माझं नाव त्या सगळ्यांत होतं का, ते तिचंच वाक्य फिरून तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं.

मग तिने एक गोष्ट केली. तिच्या आणि इर्याच्या मध्ये डहाळ्यांची भिंत होती. दार पार पलीकडे होतं. सायमीने काठी रोवली, एक दुखरा गुडघा उचलला आणि भिंत ओलांडून ती आली.

"बरं, विचारते," ती म्हणाली. आवाज रागीटच होता. दुसरा आवाज ऐनवेळी आणायचा कुठून? "तुला खोली हवी का? नको असेल तर नको म्हण. तो ढीग मी स्वतः फोडून जाळीन आणि त्या लिफ्टच्या घरात जाऊन बसेन. पण खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगशील तर काठी घालीन."

इर्याला लगेच उत्तर देता येईना. आजवर कधी न विचारलेल्या माणसाला एकदम विचारलं की असं होतं. तिने आजूबाजूला बघितलं. मग ती पाहुण्यांच्या खोलीत गेली, दारातून नव्हे, आणि वाकून तिथल्या डहाळ्या उपटू लागली.

"अगं, ती आमची..." रायमो म्हणाला.

"गप्प बस," वेइयो म्हणाला.

हातभर डहाळ्या घेऊन इर्या मोठ्या खोलीच्या मागच्या बाजूला आली, जिथे ऊन अजून पोचलं नव्हतं आणि थर कडक होता. तिने एक बाजू मांडली, दुसरी मांडली. आखूड ढिगाकडे एकदा नजर टाकून तिने तिसरी थोडी आत घेतली. तिसरीत मोकळी जागा सोडली. ती रस्त्याच्या बाजूला होती.

"हे काय?" सायमीने विचारलं.

"माझं दार. बाहेर जायचं. मला तुमच्या मोठ्या खोलीतून, सगळ्यांच्या पायांतून जायचं नाही. उशिरा आले तर उशिरा येईन. नाही आले तर नाही येणार."

"आखूड भिंतीत दार कापलं तर टोकं सुटी पडतात," रायमोच्या तोंडून गेलं. मग तो सावरला. "म्हणजे... दोन्हीकडे खांब घ्यावे लागतील. वरती फट सोडून. होईल."

"होईल," वेइयो म्हणाला.

"आणि आतलं?" सायमी म्हणाली. "भट्टीकडचं? तेही नाही?"

इर्या हातात उरलेल्या डहाळ्यांकडे बघत राहिली. मग तिने मोठ्या खोलीकडच्या भिंतीतून चार डहाळ्या काढल्या. तेवढीच जागा, एका माणसाची.

"आतलं राहू दे. पण कडी माझ्या बाजूने."

"कडी!" सायमीचे कान पुन्हा तापले. "आपल्या घराला कधी कडी नव्हती! घरी कोणी नसेल तर दाराला झाडू टेकवायचा, आल्या माणसाला कळतं. लाडोगाला नव्हती, त्या फळ्यांच्या खोक्यालाही नव्हती. आईच्या तोंडावर कडी?"

"हो," इर्या म्हणाली.

सायमी त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. ऊन तिथपर्यंत येऊन पोचलं होतं आणि तिच्या बुटाखाली थर करकरू लागला होता. तिने मोठ्या खोलीतून आत वाकून बघितलं, धाकट्या खोलीत पाऊल मात्र टाकलं नाही.

"वेइयो," ती म्हणाली, "कडी लोखंडाची कर. लाकडाची ओलीने फुगते, मग हिला आतून उघडता यायची नाही."